रस्ता कोणाचा, जंगल कोणाचे?

मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग या रशियातील दोन सर्वांत मोठ्या शहरांना जोडणारा ‘एम-११’ हा नवा द्रुतगती महामार्ग २०१९ च्या नोव्हेंबर महिन्यात खुला झाला. अध्यक्ष पुतीन यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले आणि देशाच्या प्रगतीचे गोडवे गाणारी भाषणेही झाली. या रस्त्याचा मॉस्कोलगतचा पहिला टप्पा त्यापूर्वीच, २०१४ च्या डिसेंबरमध्ये, वाहतुकीसाठी सुरू करण्यात आला होता. आज त्या टप्प्यावरून पथकर भरून वेगाने जाणाऱ्या मोटारीतील प्रवाशाला दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा दिसतात. त्या रांगा म्हणजे एका अखंड जंगलाचे कापलेले दोन तुकडे आहेत, आणि ते जंगल वाचवू पाहणाऱ्या एका पत्रकाराला प्रथम आपला एक पाय, बोटे आणि वाचा, व अखेरीस प्राणही गमवावा लागला, याची नोंद मात्र त्या रस्त्यावरील एकाही फलकावर नाही.

खिमकीच्या जंगलाचा हा लढा २००७ ते २०१२ या काळात गाजला. तो हरला, असे म्हणून भांडवली वृत्तपत्रांनी त्याची वासलात लावली. परंतु ज्या प्रश्नासाठी तो लढला गेला तो प्रश्न जगाच्या पाठीवर ठिकठिकाणी, आणि भारतातही, दररोज नव्याने उभा राहत आहे. म्हणूनच त्या लढ्याचा अनुभव बारकाईने तपासणे श्रमिक चळवळीच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

जंगलाचा इतिहास

खिमकी हे मॉस्कोच्या वायव्य सीमेला भिडलेले औद्योगिक शहर होय. अवकाशयाने बनविणारा लावोच्किन कारखाना आणि अग्निबाणांची इंजिने बनविणारा एनर्गोमाश कारखाना याच शहरातील. २०१० च्या सुमारास शहराची लोकसंख्या दोन लाखांच्या घरात होती. शहराला लागून सुमारे एक हजार हेक्टरांवर पसरलेले जुन्या ओक वृक्षांचे जंगल आहे. मूस जातीची हरणे, रानडुकरे आणि असंख्य पक्षी यांचे ते आश्रयस्थान. मात्र कारखान्यातील पाळी संपवून घरी आलेल्या कामगाराला मुलाबाळांसह मोकळा श्वास घेण्याची तीच एक हक्काची जागा होती, हे विसरता कामा नये.

हे जंगल त्या ठिकाणी योगायोगाने शिल्लक राहिलेले नव्हते. क्रांतीला एक वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हा, १९१८ च्या मे महिन्यात, सोव्हिएत सत्तेने जंगलांविषयीचा आपला मूलभूत कायदा जाहीर केला. १९३५ साली मॉस्कोच्या पुनर्रचनेचा जो सर्वसाधारण आराखडा मंजूर झाला त्यात शहराभोवती दहा किलोमीटर रुंदीचा वन-उद्यानांचा संरक्षक पट्टा राखून ठेवण्याची तरतूद होती. खिमकीचे जंगल त्या हरित पट्ट्याचा भाग बनले. १९४१ च्या डिसेंबरमध्ये नाझी फौजांना याच परिसरात रोखण्यात आले, आणि त्या ठिकाणी रणगाडाविरोधी अडथळ्यांच्या आकाराचे भव्य स्मारक १९६६ पासून उभे आहे. घनघोर युद्ध चालू असतानाही तेथील राज्यसंस्थेने जंगलांच्या रक्षणाचा विचार सोडला नव्हता, याची साक्ष १९४३ सालचा वनवर्गीकरणाचा निर्णय देतो.

याचा अर्थ सोव्हिएत काळात निसर्गाची हानी झालीच नाही, असा कोणी करून घेऊ नये. अरल समुद्राची शोकांतिका सर्वज्ञात आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. नियोजन जेथे जनतेच्या देखरेखीपासून तुटते तेथे समाजाच्या मालकीची साधनसंपत्तीही नासाडीतून सुटत नाही, हा त्या शोकांतिकेचा धडा आहे. खिमकीच्या लढ्यातही नेमका हाच प्रश्न, बदललेल्या वर्गसंबंधांच्या चौकटीत, पुन्हा उपस्थित झाला.

पळवाट आणि वाटमारी

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर सार्वजनिक संपत्तीची जी लूट झाली तिच्या पहिल्या फेरीत तेल, धातू आणि कारखाने गेले. दुसऱ्या फेरीत पाळी आली ती जमिनीची. मॉस्कोच्या परिसरातील जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि हरित पट्ट्यातील जंगले ही बांधकामाच्या नफ्यावर डोळा ठेवून बसलेल्यांना ‘मोकळी पडलेली जागा’ वाटू लागली. २००६ साली संमत झालेल्या नव्या वनसंहितेने केंद्रीय वनरक्षक दल मोडीत काढले आणि जंगलांची जबाबदारी प्रांतिक प्रशासनांच्या गळ्यात टाकली. या ‘सुधारणे’चे फळ रशियन जनतेला २०१० च्या उन्हाळ्यात मिळाले. त्या वर्षी जंगले आणि दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींचे थर पेटले, मॉस्को शहर कित्येक दिवस धुराने कोंडले गेले आणि आग विझविण्यासाठी जंगलात माणसेच उरली नव्हती, हे कटू सत्य सर्वांना दिसले.

या पार्श्वभूमीवर नव्या महामार्गाची आखणी झाली. मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग या जुन्या रस्त्यावर वाहतुकीची असह्य कोंडी होत होती, हे कोणी नाकारलेले नाही. रस्ता हवा होता. वाद होता तो रस्त्याच्या रेषेबद्दल. मॉस्कोपासून पंधराव्या किलोमीटरपासून अठ्ठावन्नाव्या किलोमीटरपर्यंतचा टप्पा खिमकीच्या जंगलाच्या मधोमध नेण्यात आला. रशियातील कायद्याप्रमाणे अशा संरक्षित वनाची जमीन रस्त्यासाठी वर्ग करावयाची तर अन्य पर्याय उपलब्ध नाही, हे दाखवावे लागते. पर्याय होते, आणि आंदोलकांनी ते नकाशांसह मांडले होते. त्यांपैकी एक मॉल्झानिनोवो भागातून, जंगल टाळून जाणारा होता. पर्यायी मार्गांचा खर्च अधिक येईल, काही घरे हलवावी लागतील, असे उत्तर सरकारने दिले. हे उत्तर विचारात घेण्याजोगे असेलही. परंतु तसे असेल तर सर्व पर्याय, त्यांचा खर्च आणि त्यांचे परिणाम जनतेपुढे खुलेपणाने ठेवून निर्णय व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात निर्णय आधी झाला आणि कारणे मागाहून शोधण्यात आली. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये तत्कालीन पंतप्रधान पुतीन यांच्या सहीने सुमारे १४५ हेक्टर जंगलजमीन वाहतुकीच्या खात्यात वर्ग झाली. आंदोलकांनी न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा आदेश उचलून धरला.

या रेषेत कोणाचे हित होते? जंगलाची जमीन सरकारी असल्यामुळे ती संपादन करण्यासाठी कोणाला मोबदला द्यावा लागणार नव्हता. रस्त्यालगतच्या जमिनीवर बांधकामे उभी राहिली असती तर त्यांचा नफा अफाट होता. तत्कालीन वाहतूकमंत्री इगोर लेविटीन हे जवळच्याच शेरेमेत्येवो विमानतळाच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते. रस्ता बांधण्याचा, चालविण्याचा आणि पथकर वसूल करण्याचा दीर्घ मुदतीचा मक्ता २००९ साली ज्या कंपनीला मिळाला तिच्यात व्हिन्सी ही फ्रान्समधील बलाढ्य बांधकाम मक्तेदार कंपनी भागीदार होती. पुतीन यांचे तरुणपणापासूनचे ज्युडोतील जोडीदार, अब्जाधीश अर्कादी रोटेनबर्ग यांचे नाव पुढे याच मक्त्याच्या हितसंबंधांत आले. जनमताच्या दडपणामुळे युरोपीय पुनर्रचना व विकास बँक आणि युरोपीय गुंतवणूक बँक यांनी या टप्प्यातून अंग काढून घेतले. तेव्हा स्बेरबँक आणि व्हनेशएकोनोमबँक या सरकारी वित्तसंस्थांची तिजोरी उघडण्यात आली.

हे चित्र नीट ध्यानात घेतले पाहिजे. जमीन जनतेची, कर्ज जनतेच्या बँकांचे, संरक्षण जनतेच्या पोलिसांचे. आणि पथकराची पेटी खासगी मक्तेदाराची. ‘सार्वजनिक व खासगी भागीदारी’ या गोंडस नावाखाली जगभर जे चालले आहे त्याचा हा अस्सल नमुना होय. यात जोखीम तेवढी सार्वजनिक असते.

एका संपादकाची किंमत

‘खिमकिन्स्काया प्रावदा’ या छोट्या स्थानिक पत्राचे संपादक मिखाईल बेकेतोव यांनी या व्यवहाराविरुद्ध प्रथम लेखणी उचलली. खिमकीच्या महापौरांच्या प्रशासनाने २००७ साली महायुद्धात धारातीर्थी पडलेल्या सहा सोव्हिएत वैमानिकांचे अवशेष महामार्गालगतच्या स्मारकातून उकरून काढले, ही संतापजनक घटना त्यांनीच चव्हाट्यावर आणली. जंगलाच्या सौद्याबद्दल त्यांनी सातत्याने लिहिले. त्यांची मोटार जाळण्यात आली, त्यांचा कुत्रा मारण्यात आला. ते थांबले नाहीत. १३ नोव्हेंबर २००८ रोजी त्यांच्याच घराच्या अंगणात त्यांना लोखंडी कांबीने निर्घृण मारहाण झाली आणि गोठविणाऱ्या थंडीत ते कित्येक तास बेशुद्ध पडून राहिले. त्यांचा एक पाय आणि हाताची बोटे कापावी लागली, मेंदूला जबर इजा झाली, वाचा गेली.

हल्लेखोरांना शिक्षा झाली नाही. शिक्षेसाठी न्यायालयापुढे उभे करण्यात आले ते खुद्द बेकेतोव यांनाच. महापौरांची बदनामी केल्याच्या आरोपावरून २०१० च्या नोव्हेंबरमध्ये एक शब्दही बोलू न शकणाऱ्या, चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या या माणसाला दोषी ठरविण्यात आले. जगभर छी-थू झाल्यानंतर पुढच्याच महिन्यात तो निकाल रद्द करावा लागला. ८ एप्रिल २०१३ रोजी बेकेतोव यांचे निधन झाले. रस्त्याच्या एका रेषेसाठी राज्यसत्ता आणि गुंडगिरी कोणत्या थराला जाते, याचा याहून भयंकर दाखला शोधून सापडणार नाही.

लढ्याची सुरुवात मात्र अगदी साध्या घटनेतून झाली. व्यवसायाने अभियंता असलेल्या येवगेनिया चिरिकोवा या तरुण मातेला जंगलात फेरफटका मारताना झाडांवर लाल खुणा दिसल्या. चौकशी केली तेव्हा कळले की ही झाडे तोडावयाची आहेत. त्यांनी शेजाऱ्यांना गोळा केले, पत्रके वाटली, अर्ज केले, खटले भरले. २०१० च्या जुलैमध्ये वृक्षतोड सुरू झाली तेव्हा आंदोलकांनी जंगलातच तळ ठोकला. २३ जुलैच्या पहाटे मुखवटे घातलेल्या टोळीने त्या तळावर हल्ला चढविला. पोलीस आले आणि त्यांनी मुखवटेवाल्यांना सोडून आंदोलकांनाच ताब्यात घेतले. आपल्याकडील संपांच्या काळात मालकांच्या भाडोत्री टोळ्या आणि पोलीस यांची अशी श्रमविभागणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. काही दिवसांतच फॅसिस्टविरोधी तरुणांनी खिमकीच्या नगरप्रशासनाच्या इमारतीवर दगडफेक केली. या कृत्याने सरकारला धरपकडीचे आयते निमित्त मिळाले. शिस्तबद्ध जनआंदोलनाची जागा उतावळा क्रोध घेऊ शकत नाही, हे यावरून पुन्हा सिद्ध झाले.

तरीही लढा वाढत गेला. २२ ऑगस्ट २०१० रोजी मॉस्कोच्या पुश्किन चौकात हजारोंची सभा झाली आणि लोकप्रिय गायक युरी शेवचुक यांनी तेथे गाणी म्हटली. चारच दिवसांनी अध्यक्ष मेदवेदेव यांना काम स्थगित केल्याची घोषणा करावी लागली. ज्या देशात सत्तेच्या शब्दाला कोणी आव्हान देत नाही असे मानले जात होते तेथे एका उपनगरातील रहिवाशांनी सरकारला पाऊल मागे घ्यावयास लावले, हे यश लहान नव्हते. परंतु डिसेंबरमध्ये, हिवाळ्याने रस्ते ओस पडलेले असताना, सरकारने काही सवलती देऊन जुनीच रेषा कायम केली. तोडीची रुंदी कमी करणे, अन्यत्र नवी लागवड करणे, रस्त्यालगत व्यापारी बांधकाम न करणे अशी आश्वासने देण्यात आली. ही आश्वासने म्हणजे आंदोलनाची कमाई होय. सरकारची उदारता नव्हे.

विजयात कमी का पडले?

२०१२ साली महापौरांना पद सोडावे लागले आणि झालेल्या पोटनिवडणुकीत चिरिकोवा दुसऱ्या क्रमांकावर आल्या. मते सुमारे सतरा टक्के. हा आकडा विचार करावयास लावतो. जंगलासाठी सहानुभूती सर्वत्र होती. मग मते इतकी थोडी का? निवडणुकीत सत्तेचा वापर आणि गैरप्रकार झाल्याच्या तक्रारी होत्याच, पण तेवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही. जंगलाचा प्रश्न कारखान्यातील मजुरीशी, घरभाड्याशी, गर्दीने फुटणाऱ्या उपनगरी गाड्यांशी जोडला गेला नाही. ज्या कामगाराला रोज सकाळी रस्त्याच्या कोंडीत दोन तास काढावे लागतात त्याला ‘जंगल वाचवा’ एवढेच सांगून भागत नाही. त्याला स्वस्त व वेळेवर धावणारी सार्वजनिक वाहतूक हवी, आणि ती मागणी जंगलाच्या मागणीच्या खांद्याला खांदा लावून पुढे यावयास हवी. ती जोड जेथे तुटते तेथे सत्ताधाऱ्यांना ‘मूठभर वृक्षप्रेमी विरुद्ध सामान्य प्रवासी’ असा खोटा संघर्ष उभा करणे सोपे जाते.

दोष एकट्या पर्यावरणवाद्यांच्या पदरात टाकून डाव्या चळवळीला मोकळे होता येणार नाही. झाडे, नद्या, हवा हे मध्यमवर्गाच्या हौसेचे विषय आहेत, खरा प्रश्न पोटाचा आहे, अशी समजूत चळवळीतही अनेकांच्या मनात घर करून आहे. ती चुकीची आहे. श्रीमंतांना शहराबाहेर स्वतःची उद्याने असतात. विषारी हवा त्यांच्या बंद काचांच्या बाहेर राहते. सार्वजनिक जंगल गेले तर जाते ते ज्याच्याकडे दुसरे काही नाही त्याचे. भांडवल कामगाराची श्रमशक्ती आणि जमिनीची सुपीकता ही दोन्ही झिजविते, हे मार्क्सने फार पूर्वी दाखवून दिले आहे. म्हणून जंगलाचा लढा हा कामाच्या तासांच्या लढ्याचा सख्खा भाऊ आहे.

भारतासाठी बोध

भारतीय वाचकाला खिमकीची कथा दूरची वाटण्याचे कारण नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीमुळे अवघा देश घरात कोंडलेला असताना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दूरचित्र-बैठकीत गोव्यातील मोले राष्ट्रीय उद्यान व भगवान महावीर अभयारण्य यांच्या परिसरातील प्रकल्पांना हिरवा कंदील दाखविला. मोले ते अनमोड या घाटातील महामार्गाचे चौपदरीकरण आणि उच्च दाबाची वीजवाहिनी हे त्यांतील प्रकल्प; रेल्वेमार्गाचे दुपदरीकरण हाही त्याच परिसरातील प्रकल्प. हा सारा खटाटोप मुरगाव बंदरातून कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जाणाऱ्या कोळशासाठी आहे, असा आरोप गोव्यातील जनतेने केला. गावोगावी सभा झाल्या, विद्यार्थी आणि कलावंत पुढे आले, आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये चांदोर येथे नागरिकांनी रात्रभर रेल्वेमार्गावर ठाण मांडले. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या रेल्वे दुपदरीकरणाला मिळालेली मंजुरी रद्द ठरविली. जनतेची एकजूट आणि कायद्याची लढाई हातात हात घालून चालली म्हणजे काय साधते, याचे हे उदाहरण. न्यायालयाचा दरवाजा ठोठवावयास हवा, पण जो जनसमुदाय दारात उभा आहे त्याच्याच बळावर तो उघडतो.

रस्ता झालाच पाहिजे की जंगल राहिलेच पाहिजे, असा प्रश्न श्रमिक चळवळीपुढे कधीच नसतो. दुर्गम खेड्यातील आजारी बाई वेळेत दवाखान्यात पोहोचावी, शेतमाल बाजारात जावा, कामगार सुखरूप घरी यावा यासाठी रस्ते हवेतच. प्रत्येक नव्या मार्गाच्या बाबतीत काही साधे प्रश्न मात्र मोठ्याने विचारले पाहिजेत. ही रेषा कोणी आखली? इतर रेषा का पुसल्या गेल्या? सर्व कागद जनतेच्या भाषेत, जनतेच्या हातात निर्णयाआधी आले होते काय? रेल्वेने जे काम होऊ शकते ते मोटारींवर का लादले जात आहे? आणि पथकराची पेटी शेवटी कोणाच्या घरी जाते? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देता न येणारा ‘विकास’ म्हणजे वाटमारीच होय, मग तिच्यावर कोणत्याही सरकारचा शिक्का असो.

खिमकीचे जंगल दुभंगले गेले. परंतु त्या जंगलासाठी सामान्य माणसांनी मागितलेला हक्क, आपल्या पायाखालच्या जमिनीचे काय व्हावे हे ठरविण्याचा हक्क, अद्याप कोणालाही तोडता आलेला नाही. बेकेतोव यांचे छोटेसे पत्र आज निघत नाही. ते ज्या कामासाठी निघत होते ते काम शिल्लक आहे, आणि ते पुढे नेण्याची जबाबदारी प्रत्येक देशातील लोकशाहीवादी व श्रमजीवी जनतेवर आहे.